आईची श्रमनिद्रा आणि माझे दोन कागद

आई राजा उदो उदो!

आजचं वाचन: श्री दुर्गासप्तशती, अध्याय १ आणि १३ (सुरथ राजा आणि समाधी वैश्य)

आज अश्विन शुद्ध चतुर्दशी. मी तुळजापुरात, आमच्या घरी बसून हे लिहितोय. दसऱ्याला पहाटे आईसाहेबांचं सीमोल्लंघन झालं, साड्यांमध्ये गुंडाळलेली मूर्ती पालखीतून मंदिराला प्रदक्षिणा घालून आली आणि मग सिंहासनावर न जाता पलंगावर गेली. उद्या कोजागरी. पहाटे आई पुन्हा सिंहासनावर येईल. मधले हे दिवस श्रमनिद्रेचे.

या पाच दिवसांत माझ्याजवळ दोन कागद होते. कागद म्हणजे खरं तर फोनमधल्या दोन पीडीएफ.

पहिली पीडीएफ ऑफर लेटर. आत्ताच्यापेक्षा वरचं पद, पगार जवळजवळ दीडपट, हाताखाली चौदा माणसं. मात्र सगळी टीम अमेरिकेतली, त्यामुळे मीटिंग संध्याकाळी साडेसातला सुरू होणार आणि रात्री एक वाजेपर्यंत चालणार. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

दुसरी पीडीएफ रक्त तपासणीचा रिपोर्ट. एचबीए१सी ६.३. त्याच दिवशी डॉक्टरांनी दोनदा मोजलेलं ब्लड प्रेशर, १४६/९४. माझं वय ३८. डॉक्टरांनी वजन विचारलं नाही, गोड किती खाता हेही आधी विचारलं नाही. पहिला प्रश्न होता, "झोप किती होते?" मी म्हटलं, "साडेचार-पाच तास." ते म्हणाले, "किती वर्षांपासून?" याचं उत्तर मला देता आलं नाही.

चिंतामणीपुढे

तुळजापूरचं देऊळ ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, डोंगरावरच्या बाकीच्या देवींकडे आपण चढून जातो. आमच्या आईकडे पायऱ्या उतरून जावं लागतं. बालाघाटाच्या डोंगरात गाव वर आणि देऊळ खाली. महाद्वारातून आत शिरलं की कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, आणि मग आणखी खाली गाभारा. प्रदक्षिणेच्या वाटेवर चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, जागचा हलला नाही तर कामाला वेळ लागेल. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घेत असत, असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो. इंजिनिअर माणूस, एरवी दहा कॉलमची एक्सेल शीट करून निर्णय घेणारा. शीट केलीच होती. दोन्ही बाजूंचे गुण जवळपास सारखे आले होते, म्हणून तर रांगेत होतो.

माझा नंबर आला. दगडावर हात ठेवले. आणि प्रश्नच सुचेना.

"नोकरी घेऊ का?" असं म्हणायला गेलो तर आतून वेगळंच काहीतरी वर यायला लागलं. माझ्या बॅचचे सगळे पुढे गेले, मी मागे राहीन का? आत्ताच्या कंपनीत माणसं कमी करायची चर्चा चालू आहे, त्यात माझं नाव असेल का? अण्णांसारखा मीही पन्नाशीतच गोळ्यांच्या डब्याला लागेन का? होय-नाही सांगणाऱ्या दगडाला यातलं काय विचारायचं? मागून एक मावशी म्हणाल्या, "मालक, मनात धरा की पटकन. लई लोक थांबल्यात." मी हात काढून घेतले आणि बाजूला झालो. काही न विचारताच.

त्या रात्री सप्तशती उघडली. पहिला अध्याय लहानपणापासून कितीदा तरी ऐकलाय. त्या रात्री तो पहिल्यांदा नीट वाचला.

दोन हरलेली माणसं

सप्तशती हा मार्कंडेय पुराणाचा भाग. १३ अध्याय, ७०० मंत्र. महिषासुर आणि शुंभ-निशुंभ आपल्याला लगेच आठवतात, पण या ग्रंथाची सुरुवात युद्धानं होत नाही. ती होते दोन थकलेल्या, हरलेल्या माणसांपासून.

सुरथ राजा. चांगला राजा, प्रजेला सांभाळणारा. शत्रूंनी हरवलं, आणि परत राजधानीत आल्यावर त्याच्याच मंत्र्यांनी खजिना आणि सैन्य बळकावलं. शिकारीचं निमित्त करून तो एकटाच घोड्यावरून रानात निघून गेला आणि मेधा ऋषींच्या आश्रमात येऊन पोचला. आश्रम शांत आहे, हिंस्र पशूही तिथे शांत राहतात. पण राजाचं डोकं शांत नाही. माझ्या हत्तीला आता नीट खायला मिळत असेल का? मी जपून जमवलेला खजिना हे लोक उधळत असतील का? जे राज्य आपलं राहिलंच नाही त्याची काळजी तो करत बसलाय.

हे वाचताना मला हसू आलं. कारण सुट्टी टाकून घरी आलो असताना, त्याच दिवशी मी तीनदा ऑफिसचा डॅशबोर्ड उघडून बघितला होता. सर्व्हर नीट चाललाय का, कुणी माझा कोड बिघडवला का. माझा हत्ती.

तिथेच त्याला समाधी नावाचा वैश्य भेटतो. श्रीमंत घरचा. बायकोनं आणि मुलांनी पैशाच्या लोभापायी घराबाहेर काढलेला. आणि तरीही त्याला चिंता त्यांचीच. ते सुखरूप असतील ना?

दोघं मिळून ऋषींकडे जातात. इथे नीट लक्ष द्या. राजा असं विचारत नाही की राज्य परत कसं मिळवू. तो विचारतो की आम्ही दोघं समजूतदार माणसं आहोत, यात दोष आहे हे आम्हाला दिसतंय, तरी मन तिकडेच का ओढ घेतं?

चिंतामणीपुढे मला जो प्रश्न सापडत नव्हता तो हाच होता. राजालाही तो सगळं गमावून, रान गाठून, दुसऱ्या दुखावलेल्या माणसाशी बोलल्यावर सापडला.

ऋषी रागावत नाहीत. पक्ष्यांकडे बघा म्हणतात. स्वतः भुकेले असले तरी चोचीतला दाणा पिलांच्या तोंडात घालतात. ही ओढ महामायेची आहे, ज्ञानी माणसालाही ती खेचते. म्हणजे ऑफिसची काळजी वाटणं हा तुमचा-माझा नालायकपणा नाही. तिची शक्ती तिथेही आहे. तिच्याशी भांडून सुटका होत नाही, तिलाच शरण जावं लागतं.

गोष्ट झोपेपासून सुरू होते

मग राजा विचारतो, ही महामाया कोण? ऋषी जी पहिली गोष्ट सांगतात तीच झोपेची आहे.

प्रलयाच्या पाण्यावर विष्णू शेषावर झोपलेत. मधु आणि कैटभ हे दैत्य ब्रह्मदेवाला मारायला धावतात. ब्रह्मदेव घाबरून विष्णूला हाका मारत नाही. तो स्तुती करतो विष्णूच्या डोळ्यांवर बसलेल्या निद्रेची, कारण ती निद्रा म्हणजेच देवी. ती बाजूला होते तेव्हा विष्णू उठतात आणि पाच हजार वर्षं लढतात. पुढे पाचव्या अध्यायात देव हिमालयावर देवीची स्तुती करतात, तिथे सगळ्या प्राण्यांत ती कोणकोणत्या रूपांनी राहते याची लांब यादी आहे. बुद्धी आहे, शक्ती आहे, लज्जा आहे, दया आहे. आणि त्याच यादीत, त्याच मानानं, निद्रा आणि भूकही आहे.

मी गेली दहा-बारा वर्षं झोपेला वाया गेलेला वेळ समजत आलो. जेवण म्हणजे दोन मीटिंगच्या मधली वीस मिनिटं, तीही लॅपटॉपसमोर. देव्हाऱ्यात देवीला रोज फूल, आणि शरीरात झोप होऊन येणाऱ्या देवीला रोज दारातून परत पाठवायचं. असा माझा भक्तिमार्ग.

आणि मी कुठल्या गावचा? ज्या गावची देवी वर्षातून तीनदा झोपते त्या गावचा!

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. शारदीय नवरात्राच्या आधी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावास्येपर्यंत घोरनिद्रा. दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी मोहनिद्रा. सगळे मिळून साधारण २१ दिवस. आई झोपते तो पलंग आणि सीमोल्लंघनाची पालखी अहिल्यानगरच्या बाजूनं, गावोगाव मुक्काम करत येतात. पालखीचा मान बुऱ्हाणनगरचा.

क्रम बघा. युद्धाच्या आधी झोप, युद्धानंतर झोप. नऊ दिवस महिषासुराशी लढून आई दमते असं आमची माणसं मानतात, आणि ते दमणं लपवत नाहीत. त्या झोपेला सरळ नावच दिलंय, श्रमनिद्रा, म्हणजे श्रम झाल्यावरची झोप. या दिवसांत लोक पलंगावरच्या आईचं दर्शन घेतात. देवी आळशी झाली असं कुणी म्हणत नाही.

यातली गंमत अजून पुढे आहे. तुळजा हे नाव त्वरिता या शब्दावरून आलं असं आपल्याकडे सांगतात. कर्दम ऋषींच्या पत्नी अनुभूती तप करत होत्या, कुकुर दैत्य त्यांना त्रास द्यायला आला, त्यांनी हाक मारली आणि देवी त्वरित धावून आली. म्हणून त्वरिता, तुरजा, तुळजा. हाकेला सगळ्यात लवकर धावणारी देवी हीच, आणि ठरलेल्या दिवशी पलंगावर जाणारीही हीच. आमच्या क्षेत्रात मेसेजला दोन मिनिटांत उत्तर देणाऱ्या माणसाचं कौतुक होतं. तो झोपतो कधी, हे कुणी विचारत नाही. तो स्वतःही नाही.

हे मी आईला, म्हणजे माझ्या जन्मदात्या आईला, फार मोठा शोध लागल्यासारखं सांगितलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. म्हणाली, "देवीला बी पाच दिस झोप लागती. तू काय लोखंडाचा हायस व्हय रे?"

रिपोर्ट कसा वाचावा

थोडं व्यवहाराचं. तुमच्यापैकी बरेच जण तिशीत आहात, आणि बऱ्याच जणांनी अजून तपासणी केलेली नसेल.

एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या आधीची पायरी, ६.५ किंवा वर मधुमेह. मी ६.३ वर, म्हणजे उंबरठ्यावर. यात मी एकटा नाही. आयसीएमआरच्या सहभागानं झालेली देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक या आधीच्या पायरीवर आहेत. ही पायरी उतरता येते. पण कमी झोपेनं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, भूक वाढते, आणि रात्री झोपेत जे ब्लड प्रेशर खाली यायला हवं ते नीट येत नाही.

हा रिपोर्ट देवीचा कोप नाही. सर्व्हरचा लॉग असतो तसा तो लॉग आहे. लॉग आवडला नाही म्हणून कुणी फाडत नाही. तो वाचून चूक शोधतात. आणि भक्त म्हणून एक विनंती: गळ्यात कवड्यांची माळ आहे म्हणून गोळी चुकवू नका. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, चालणं आणि झोप हेही नेमच समजा. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार, काम, झोप आणि जागरण या सगळ्यांत मापात राहणाऱ्यालाच योग साधतो असं सांगितलंय. उपास आणि जागरण यांची शर्यत लावणाऱ्यांनी तो भाग पुन्हा वाचावा.

दोन मागणी, दोन्ही मान्य

आता तेरावा अध्याय. सगळी कथा ऐकून राजा आणि वैश्य नदीकाठी जातात, देवीची मातीची मूर्ती करतात आणि तीन वर्षं उपासना करतात. कधी उपाशी, कधी मोजकं खाऊन. देवी प्रसन्न होते आणि काय हवं ते मागा म्हणते.

राजा राज्य मागतो. हे गेलेलं राज्य परत, आणि पुढच्या जन्मी न ढळणारं.

वैश्य ज्ञान मागतो. मी आणि माझं ही आसक्ती तोडणारं.

लहानपणी मला वाटायचं की वैश्य पास झाला आणि राजा नापास. पण देवीनं तसं काहीच म्हटलेलं नाही. तिनं दोघांनाही दिलं. राजाला राज्य मिळालं, आणि पुढे तोच सावर्णी मनू झाला. राज्य मागणं हे पाप नाही. प्रमोशन मागणं, जास्त पगार मागणं, यात कमीपणा नाही. तुमच्यापैकी कुणावर आजारपणाचं कर्ज असेल, बहिणीचं शिक्षण असेल, आणि रात्रीची नोकरी घ्यावी लागत असेल तर खुशाल घ्या. आई रागावणार नाही. दिवसाची झोप तेवढी सांभाळा.

फरक आहे तो मागण्याच्या आधीच्या तीन वर्षांत. पहिल्या अध्यायात दोघांना स्वतःचंच मन कळत नव्हतं. तेराव्यात दोघांनाही नेमकं काय हवं ते माहीत आहे, आणि दोघांचं उत्तर वेगळं आहे. एकच गुरू, एकच मूर्ती, एकच उपासना, तरी मागणं ज्याचं त्याचं. म्हणून मित्राच्या करिअरकडे बघून आपलं ठरवू नये.

मला तीन वर्षं नव्हती, तीन दिवस होते. मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: हे पद कुणालाच दिसणार नसेल, लिंक्डइनवर टाकता येणार नसेल, तर मला हवं आहे का? काम आवडीचं होतं, हे खरं. पैसे हवे होते, हेही खरं. घराच्या कर्जाचे अजून अकरा वर्षांचे हप्ते आहेत. पण सगळ्यात मोठा वाटा बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा निघाला. बायकोला फोन केला तर ती म्हणाली, "तू घे किंवा घेऊ नकोस, पण माझ्यासाठी घेतोय असं म्हणू नकोस." ते मला लागलं. कारण मी तसंच म्हणणार होतो.

परवा त्या कंपनीला मेल केला. काम करायला आवडेल, पण आठवड्यातले दोन दिवस सोडून मीटिंग रात्री दहाच्या आत संपाव्यात. काल उत्तर आलं. सभ्य भाषेत, पण नाही. आज सकाळी मी नकार कळवला.

नकार कळवून फार हलकं वाटलं, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पोटात खड्डा पडला. आत्ताची नोकरी टिकेलच याची खात्री नाही. सहा महिन्यांनी मला हा निर्णय चूक वाटेल, असंही होऊ शकतं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बरं केलंस का वाईट, ते मला काय कळायलंय? जेवलास का तू?"

आज रात्री

आज रात्री सोलापूरहून लोक चालत येतील. साधारण ४५ किलोमीटर, हजारोंनी, अनवाणी, "आई राजा उदो उदो" करत. आमचं हळद-कुंकू, परड्या आणि कवड्यांच्या माळांचं छोटं दुकान आहे. कोजागरीच्या आदल्या रात्री अण्णा दुकानावर जागतात, गेली चाळीस वर्षं. आता ते ६६ वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे.

मी म्हटलं, "यंदा तुम्ही झोपा, मी बसतो." ते म्हणाले, "देवी उठायची येळ झाली आन् मी झोपू व्हय?" शेवटी तडजोड झाली. दहा ते दोन ते झोपणार आणि मी दुकानावर. दोन वाजता मी त्यांना उठवणार, मग मी झोपणार. आमच्या टीममध्ये याला ऑन-कॉल रोटेशन म्हणतात. चाळीस वर्षांत अण्णांना दुसरा माणूस मिळाला नव्हता. मी पुण्यात रात्रभर दुसऱ्यांचे सर्व्हर जागवत होतो.

या आठवड्याचा नेम

१. रात्री झोपण्याची एक वेळ ठरवा. देव्हाऱ्यातल्या दिव्याइतकीच ती पाळा. झोपताना मनात म्हणा, आई, आता तू निद्रा होऊन ये.

२. तिशी ओलांडली असेल तर साखर आणि ब्लड प्रेशर तपासून घ्या. रिपोर्ट देवीपुढे ठेवा, आणि मग डॉक्टरांपुढेही ठेवा.

३. करिअरचा निर्णय समोर असेल तर उत्तर शोधायच्या आधी प्रश्न एका ओळीत लिहा. लिहिता येत नसेल तर अजून कौल मागायची वेळ आलेली नाही. पहिला अध्याय वाचा.

४. घरात तुमच्यासाठी कुणी जागत असेल तर त्या माणसाची एक रात्र तरी तुमच्याकडे घ्या.

प्रार्थना

आई, तू धावतेस तेव्हा धावायचं बळ दे, तू झोपतेस तेव्हा झोपायची अक्कल दे. राज्य मागू की ज्ञान, हे मला अजून नक्की कळलेलं नाही. तोवर हे शरीर तू राहायला दिलेलं घर आहे एवढं लक्षात ठेवायला शिकव. मी जो नकार दिला तो बरोबर की चूक, ते तुझ्या पायाशी ठेवतो.

उद्या पहाटे आई सिंहासनावर येईल. ज्यांना जमेल त्यांनी दर्शनाला या. जे लांब आहेत त्यांनी आज रात्री वेळेवर झोपा, ती सेवाही तिच्यापर्यंत पोचते.

आई राजा उदो उदो!